माणूस नावाची शिवी



आज एका जर्मन शब्दाची गोष्ट सांगते. शब्द आहे 'कनाके'. जर्मनीत तुर्की, अरब किंवा दक्षिण युरोपातल्या घरच्या माणसाला कुणी हे म्हटलं, तर ती शिवी असते. पण शब्द मुळात जर्मन नाहीच. तो हवाई बेटांवरचा. तिथल्या भाषेत 'कनाका' म्हणजे माणूस. बस्, एवढंच.

युरोपीय खलाशांनी तो उचलला आणि प्रशांत महासागरातल्या सगळ्याच बेटवासीयांना सरसकट लावला. क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्यांनाही 'कनाका'च म्हणायचे. न्यू गिनी, सामोआ इथं जर्मनीच्याही वसाहती होत्या. त्या काळात 'कनाका' म्हणजे माणूस हा अर्थ मागं पडला. राहिला तो फक्त राबणारा, खालचा.

पुढे महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडली. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले. त्यांना म्हणायचे 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. पाहुणा आज ना उद्या जाणार, हे त्यात गृहीतच. १९७३ मध्ये भरती थांबली, पण लाखो लोक तिथंच राहिले, बायकामुलांना बोलावून घेतलं. आणि रस्त्यावर त्यांना 'कनाके' ऐकावं लागलं. परदेशी आईबापांच्या तिथं जन्मलेल्या मुलांना जन्माने नागरिकत्व मिळायला, तेही अटींसह, २००० साल उजाडावं लागलं.

मग याच मुलांनी शब्द हातात घेतला. १९९५ मध्ये तुर्कस्तानात जन्मलेल्या, जर्मनीत वाढलेल्या फेरिदुन झाइमोग्लू यांचं 'कनाक श्प्राक' आलं. १९९८ मध्ये 'कनाक आटाक' ही चळवळ उभी राहिली. पासपोर्ट कुठला, मूळ कुठलं, हे आम्ही कुणाला विचारणार नाही, अशी तिची भूमिका. तिकडे न्यू कॅलेडोनियाच्या मूळ रहिवाशांनी तर 'कनाक' हेच आपलं अभिमानाचं नाव केलं. तरी आजही बाहेरच्याने तुच्छतेनं म्हटलं, की ती शिवीच.

म्हणजे अर्थ नुसता शब्दकोशात नसतो. कोण कुणाला म्हणतंय, त्यावर तो ठरतो.

परकं ठरवलं जाणं काय असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हिंदीत 'भय्या' म्हणजे भाऊ. बांधकामावरच्या पोराला आपण 'ए भय्या' म्हणतो, तेव्हा आपल्या आवाजात भाऊ असतो का? आज घरी जाताना तेवढं ऐकून बघा.