पेनिसिलीनचा वैरी : एका विकराची रचना आणि कार्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी कोणी जीवाणूच्या एका विकरावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी औषधांचा एक डबा असतो. मागच्या आजारात उरलेल्या कॅप्सूल त्यात जपून ठेवलेल्या असतात, आणि कोणाचा घसा दुखू लागला की त्याच बाहेर निघतात. परमुलखात शेजारधर्म मोठा, म्हणून त्या शेजारच्या बिऱ्हाडीही पोचतात. आजचा विषय त्या डब्याचाच आहे.

पुण्याकडच्या मंडळींना पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना आठवत असेल. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि हे औषध आपल्या देशात तयार होऊ लागले. पण त्याच्या वैऱ्याचा पत्ता शास्त्रज्ञांना त्याआधीच लागला होता. ऑक्सफर्डच्या गटाने पहिल्या रुग्णाला पेनिसिलीन टोचण्यापूर्वीच, १९४० च्या डिसेंबरात, त्याच गटातील अब्राहम आणि चेन यांनी कळविले की, काही जीवाणूंत पेनिसिलीनचा नाश करणारे एक विकर असते. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन होय. या विकराला आज बीटा-लॅक्टमेज म्हणतात.

पेनिसिलीन मुळात करते काय? जीवाणूभोवती एक भिंत असते. बाजेच्या सुतळीसारखे तिचे धागे एकमेकांत गुंतविण्याचे काम काही विकरे करतात. पेनिसिलीनचा रेणू त्या धाग्याच्या टोकासारखा दिसतो, म्हणून तो विकराच्या खाचेत सहज शिरतो. त्याच्यात चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ते सिद्ध केले. खाचेत शिरताच हे कडे उघडते आणि रेणू तेथील सेरीन या ॲमिनो आम्लाला चिकटून बसतो. कुलपात किल्ली मोडून अडकावी, तसेच हे. भिंतीचे विणकाम थांबते आणि जीवाणू फुटून मरतो.

मग तो वैरी हे औषध कसे निकामी करतो? त्यासाठी त्याच्यातील अणूंच्या जागा पाहणे आवश्यक होते. प्रकाशाच्या लहरी अणूंच्या मानाने फार लांब. क्ष-किरणांच्या लहरी मात्र अणूंमधील अंतराएवढ्याच. एका रेणूवरून परावृत्त होणारे किरण अतिशय क्षीण असतात. म्हणून विकराचे स्फटिक तयार करावे लागतात. कवायतीच्या रांगांप्रमाणे उभ्या राहिलेल्या अब्जावधी रेणूंवरून विखुरलेले किरण ठिपक्यांच्या रूपाने टिपायचे आणि गणिताने त्यांतून रेणूचे चित्र उभे करायचे. १९८७ साली हर्झबर्ग आणि मोल्ट यांनी स्टॅफिलोकोकस जीवाणूतील या विकराची रचना २.५ ॲंगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्याने प्रसिद्ध केली. एक ॲंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

त्या चित्रात जे दिसले ते विलक्षण होते. हे विकर भिंत विणणाऱ्या विकरांचेच भाऊबंद निघाले! घडण तशीच, खाच तशीच आणि खाचेत सेरीनही तसेच. येथेही पेनिसिलीन सेरीनला चिकटते. फरक एवढाच की, १६६ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाने पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी धरून ठेवलेला असतो. तो पाण्याचा रेणू चिकटलेला बंध तोडतो, मोडकी किल्ली बाहेर पडते आणि कुलूप पुन्हा मोकळे होते. या कुळातील काही विकरे सेकंदाला हजाराच्या आसपास रेणू असे मोडतात. १९९२ साली कॅनडातील अल्बर्टा येथील शास्त्रज्ञांनी अशाच एका विकरातील ते ग्लुटामिक आम्ल बदलले, तेव्हा पेनिसिलीन खाचेत अडकूनच राहिले आणि स्फटिकात तसे स्पष्ट दिसले. रचनेवरून कार्य कळते ते असे.

त्यावर उपायही आहे. १९७० च्या दशकात मातीतल्या एका जीवाणूपासून मिळालेले क्लॅव्युलॅनिक आम्ल या विकराला गुंतवून ठेवते आणि सोबतचे अमॉक्सिसिलीन आपले काम करते. दोहोंचे मिश्रण आज औषधांच्या दुकानात मिळते. परंतु २००९ साली वर्णन झालेले, आणि दुर्दैवाने नवी दिल्लीचे नाव लागलेले, एनडीएम-१ हे विकर सेरीनऐवजी जस्ताच्या दोन अणूंच्या बळावर काम करते. त्याच्यापुढे क्लॅव्युलॅनिक आम्लाची मात्रा चालत नाही. शिवाय अशा विकरांचे जनुक एका जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडेही जाऊ शकते.

आता पुन्हा त्या डब्याकडे वळू. घसादुखी पुष्कळदा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत. उगाच घेतलेली प्रत्येक कॅप्सूल शरीरातील दुबळे जीवाणू मारते आणि ज्यांच्याजवळ हे विकर आहे त्यांना रान मोकळे करून देते. उद्या घरातल्या लेकराला खरोखरच न्यूमोनिया झाला, तर औषध हाताशी असून निरुपयोगी ठरावे, हा प्रसंग कोणावरही न येवो.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे : डॉक्टरांनी सांगितल्याविना ही औषधे सुरू करू नयेत, आपल्या मनाने मध्येच सोडू नयेत, आणि उरलेली कोणाला देऊ नयेत. शेजारधर्म पाळण्यास पुरणपोळी आहेच!