शेतघरातला दिवा

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हटलं,
की आपल्याला युद्धं आणि निवडणुका आठवतात.
आज मात्र बोलूया एका विजेच्या बिलाबद्दल.

फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाला होता.
उपचारांसाठी ते जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी जात.
तिथल्या छोट्या घराचं पहिलं बिल आलं,
आणि ते चमकलेच.
न्यूयॉर्ककडच्या घरापेक्षा इथला दर जवळपास चौपट!

बरं, ही तर वीज मिळालेल्यांची गोष्ट.
तेव्हा अमेरिकेतल्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज पोचलीच नव्हती.
घरातल्या बायका विहिरीचं पाणी शेंदायच्या.
जड लोखंडी इस्त्री शेगडीवर तापवायच्या.
तीही भर उन्हाळ्यात!
खासगी कंपन्या म्हणत,
घरं लांब लांब आहेत, तारा ओढणं परवडत नाही.

रूझवेल्ट यांनी १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं.
या खात्याने स्वस्त व्याजाने कर्ज दिलं.
शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढल्या,
आणि खांब रोवून घेतले.
मला यातली खरी हुशारी इथेच दिसते.
पुन्हा सांगते,
कर्ज सरकारचं, संस्था शेतकऱ्यांची.

वीसेक वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवा लागला.

आपल्याकडेही, श्रीरामपूर भागात,
मुळा-प्रवरा ही सहकारी वीज संस्था होती.
अमेरिकेतल्या कितीतरी संस्था आजही चालू आहेत.
बिल भरणारा तिथे नुसता ग्राहक नसतो,
सभासद असतो, म्हणजे मालकही.