रागीचा हुंकार

(भिलाई येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आत्मविश्वासावर हल्ली जी पुस्तकांची लयलूट चालली आहे, तिच्यात बहुधा असे गृहीत धरलेले असते की, हा गुण माणसाने एकट्याने, आरशासमोर उभे राहून, केवळ निश्चयाच्या बळावर आपल्या अंतःकरणात उत्पन्न करावा आणि मग तो बरोबर घेऊन जगात पाऊल टाकावे. मला हा क्रमच उलटा वाटतो. आणि ज्या भूमीत आपण आज बसलो आहोत तिच्याच एका कन्येचे चरित्र मला अनुकूल असल्यामुळे, परदेशी ग्रंथकारांची साक्ष न काढता मी तिचीच काढणार आहे.

ही कन्या म्हणजे पंडवानी, अर्थात गाऊन सांगितलेली महाभारतकथा, सादर करणाऱ्या तीजनबाई. त्यांचे गनियारी हे गाव भिलाईपासून फार दूर नाही. पारधी समाजात जन्मलेल्या या मुलीने आजोबांच्या मुखातून महाभारत ऐकले, ऐकता ऐकता ते मुखोद्गत केले, आणि वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावी दहा रुपये बिदागीवर पंडवानीचा पहिला जाहीर प्रयोग केला. त्या काळी स्त्रियांनी पंडवानी गावयाची ती बसून, वेदमती पद्धतीने. उभ्याने, अभिनयासह, गर्जून कथा सांगण्याची कापालिक शैली ही पुरुषांची मिरास समजली जात असे. ती मिरास तीजनबाईंनी मोडली. गाण्याच्याच अपराधाबद्दल जातीने त्यांना बहिष्कृत केले, तेव्हा त्यांनी वेगळी झोपडी उभारली, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून भांडी आणि शिधा उसना आणून दिवस काढले, पण गाणे टाकले नाही. पुढे हबीब तनवीर यांच्यासारख्या मर्मज्ञ रंगकर्मीची दृष्टी त्यांच्यावर गेली, येथल्या इस्पात कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव चढले, आणि २००३ साली पद्मभूषण व २०१९ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले.

हे सारे ऐकून कोणीही म्हणेल, केवढा हा आत्मविश्वास! परंतु रंगमंचाकडे नीट पाहावे. हातातल्या तंबुऱ्याची क्षणात भीमाची गदा आणि क्षणात अर्जुनाचे धनुष्य करणारी ती तेजस्विनी तेथे एकटी नसते. तिच्या बाजूला रागी असतो. आपल्या शाहिराला जसा झीलकरी, तसा पंडवानीला हा रागी. तो ध्रुपद उचलून धरतो, प्रत्येक वाक्यागणिक हुंकार देतो, आणि कथा जरा रेंगाळली की पुढे काय झाले म्हणून इतक्या निरागसपणे विचारतो की, हजार वेळा ऐकलेली कथा त्याने जणू आजच ऐकली. सांगणाऱ्याची भीती या हुंकाराने नाहीशी होते असे नव्हे. पण आपले वाक्य कोणाच्या तरी कानी पोहोचले याची खातरजमा झाली म्हणजे पुढचे वाक्य उच्चारण्याचे धैर्य येते, आणि अशा लहान लहान धैर्यांच्या जमेलाच लोक मागाहून आत्मविश्वास म्हणतात. अर्थात, पदरी पाठांतर नसेल तर हाच रागी निव्वळ खुशमस्कऱ्या ठरेल, आणि खुशमस्कऱ्यांच्या जोरावर मिरवणारी माणसे आपण सभासंमेलनांतून पुष्कळ पाहतो.

या शहराचा इतिहासही याहून निराळे सांगत नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत येथल्या इस्पात कारखान्यासाठी सोव्हिएत सरकारशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या चार वर्षांत ज्यांना लोखंड गाळण्याचा अनुभव नव्हता असे कितीतरी तरुण, शेजारी उभे राहून काम दाखवणाऱ्या परदेशी तज्ज्ञांच्या नजरेखाली, त्या प्रचंड कामाला सरावले. भरवसा आधी आला आणि काम मागून, असे तेथेही घडले नाही.

आता आपल्या घरांकडे वळतो, कारण माझा खरा रोख तिकडेच आहे. येथील मराठी कुटुंबातले मूल शाळेत हिंदी बोलते, बाजारात छत्तीसगढी ऐकते, आणि संध्याकाळी आजीजवळ येऊन दिवसभराची हकीकत मराठीत सांगू लागते. दुसऱ्याच वाक्याला एखाद्या शब्दाचे लिंग चुकते. आजी हसते, काका नक्कल करतात, पाहुण्यांसमोर त्याच चुकीची पुन्हा फर्माईश होते. यात दुष्टावा कोणाचाच नसतो, पण मूल मुकाट्याने हिंदीवर येते, आणि काही वर्षांनी हेच वडीलधारे तक्रार करतात की आमच्या पोरांना चारचौघांत बोलण्याचा धीर नाही. नव्याने सासरी आलेल्या सुनेचे, प्रथमच बँकेत पैसे भरण्यास गेलेल्या वृद्ध विधवेचे, परीक्षेत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडलेल्या विद्यार्थ्याचे हेच होते. त्यांना उपदेश मुबलक मिळतो, हुंकार मात्र मिळत नाही. वाक्य पूर्ण होऊ द्यावे, दुरुस्ती मागाहून व एकांतात करावी, एवढी शिस्त घरातल्या वडिलांनी स्वतःला लावून घेतली, तरी आत्मविश्वासाच्या निम्म्या पुस्तकांचा खप बसेल असा माझा अंदाज आहे.

अध्यक्षमहाराजांनी प्रश्नोत्तरांस पंधरा मिनिटे दिली आहेत. पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या तरुण मंडळींनी विचारावा. तो मोडक्यातोडक्या मराठीत असला तरी चालेल, आणि तो पुरा होईपर्यंत पुढच्या रांगेतल्या मंडळींनी कृपा करून मध्ये बोलू नये.