दहावा माणूस



बेने इस्रायल समाजाबद्दल बोलायचं म्हटलं की नवगावला फुटलेलं पूर्वजांचं गलबत, तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनिवार तेली' हे नाव ओघानं येतंच. ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो आणि आजच्या प्रश्नाकडे वळतो. मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजाच्या प्रार्थनालयांनी पांगलेल्या सभासदांशी मोबाइलवरून नातं कसं राखावं?

प्रार्थनालयं जागच्या जागी आहेत. मांडवीतलं 'शार हारहमीम' सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली बांधलं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं 'मागेन आबोथ' 1848 चं, पनवेलचं 'बेथ एल' 1849 चं आणि तुम्हा वसईकरांच्या जवळचं, म्हणजे घोडबंदर रस्त्यानं कृपा केली तर जवळचं, ठाण्याचं 'शार हशामाईम' 1879 चं. हलली ती माणसं. 1951 च्या सुमारास देशात पंचवीस हजारांवर ज्यू होते, आता पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. बरेच जण इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, बिरशेबा, दिमोना इथे गेले. जे राहिले तेही मुंबईतल्या जुन्या वस्तीतून उपनगरांकडे सरकले. भायखळ्यातली खोली सोडून लांब ब्लॉक घेणं हे काही एकाच धर्माच्या नशिबी आलेलं नाही.

या समाजात एक हिशेब फार कडक आहे. परंपरेनुसार पूर्ण सामूहिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊच जमले तर मृतासाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही आणि तोरा हा धर्मग्रंथ काढून त्याचं विधिवत वाचनही होत नाही. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रार्थनालयाच्या फेसबुक पानाला जगभरातून किती अंगठे मिळाले ते मोजू नका. दहावा माणूस आला का, ते मोजा.

हे पटलं की साधन आपोआप ठरतं. उघडं पान परक्यांसाठी. इमारतीचा इतिहास, सणांची माहिती, मलिदा या विधीच्या ताटातले पोहे, खोबरं आणि फळं तिथे शोभतात. घरच्यांसाठी मात्र बंद व्हॉट्सॲप गट हवा आणि त्यात फक्त चालकांनाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवावी. नाहीतर सुप्रभात आणि गुलाबाच्या फुलांखाली मयताची बातमी गाडली जाते. इथे मयताच्या बातमीला फार घाई असते, कारण दफन शक्यतो त्याच दिवशी करतात. पूर्वी निरोप्या घरोघर फिरायचा. आज विरारच्या माणसाला कळून, गाडी पकडून, वेळेत पोहोचायचं तर हाताशी तासच असतात. मोबाइलनं या समाजाचं सर्वात मोठं काम केलं असेल तर ते हेच, असं मला वाटतं.

दुसरं काम पुण्यतिथीचं, आणि इथे यंत्र फसवतं. फेसबुक आठवण करून देतं ती इंग्रजी तारखेनं. ज्यू पुण्यतिथी पाळतात हिब्रू तिथीनं. त्यांचं वर्षही चांद्रमासांचं आहे आणि एकोणीस वर्षांत सात वेळा त्यात अधिक महिना येतो. आपल्याकडे आजोबांचं श्राद्ध दरवर्षी वेगळ्या तारखेला येतं, तसंच हे. कोणीतरी बसून सगळ्या कुटुंबांच्या तिथींचा तक्ता करायला हवा आणि आठवडाभर आधी त्या त्या घराला निरोप धाडायला हवा: येत्या गुरुवारी तुमच्या वडिलांची तिथी आहे, कद्दीशला दहा जण जमवायचे आहेत, कोण कोण येणार? अशा निरोपाला नाही म्हणणं जड जातं. हे काम सॉफ्टवेअर करतं, पण मृत्यूची मूळ तारीख आणि ती सूर्यास्तापूर्वीची की नंतरची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच काढून घ्यावं लागतं. त्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो ना!

शब्बाथचं बंधन तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत परंपरा पाळणारं घर फोनला हात लावत नाही. म्हणजे शनिवारची प्रार्थना थेट दाखवण्याचा प्रश्नच मिटला. 2020 च्या टाळेबंदीत राज्यातली प्रार्थनास्थळं नोव्हेंबरपर्यंत बंद होती, तेव्हा व्याख्यानं आणि अभ्यास पडद्यावर करता आले. पण पडद्यावरचे दहा चेहरे मिन्यानमध्ये धरायला परंपरावादी मंडळी तयार नाहीत. तेव्हा शुक्रवारी दुपारी एकच निरोप जावा, त्यात शब्बाथचे दिवे लावण्याची वेळ असावी. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास तर जुलैत सव्वासातनंतर होतो, म्हणून ही वेळ दर आठवड्याला कळवावी लागते.

एक गोष्ट दबक्या आवाजात सांगायला हवी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात कुलाब्याचं नरिमन हाउस हे ज्यू केंद्र लक्ष्य झालं होतं. त्यामुळे उघड्या पानावर कार्यक्रमाची वेळ, जागा आणि लहान मुलांचे चेहरे टाकू नयेत. छायाचित्रं कार्यक्रम आटोपल्यावर टाकावीत. प्रसिद्धीची हौस असलेल्या तरुण कार्यकर्त्याला हे पटवणं अवघड असतं, पण ते करायलाच हवं.

आणि भाषा? वसईत 'सुवार्ता' मासिकानं मराठी ख्रिस्ती समाजासाठी जे केलं, ते ज्यू समाजासाठी 1917 मध्ये निघालेल्या 'द इझ्रायलाइट'सारख्या इंग्रजी-मराठी नियतकालिकांनी केलं. पुढे इस्रायलमधून नोआह मस्सील यांनी 'मायबोली' चालवलं. या लोकांनी अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या कथा मराठी कीर्तनातून गायल्या आहेत. ती पदं ज्या आजींना पाठ आहेत, त्यांना लिहायला लावू नका. नातवानं फोन समोर धरावा आणि आजींनी गावं. ते ध्वनिमुद्रण लोदला पोचलं की तिथली बहीण विसरलेलं कडवं परत पाठवते.

इथल्या आणि इस्रायलमधल्या मंडळींची पडद्यावर भेट घडवायची तर आपली रविवारची सुट्टी त्यांच्या उपयोगाची नाही. रविवारी तिथे कामाचा आठवडा सुरू होतो. म्हणून आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला बसावं. तिथे तेव्हा हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात सहा वाजलेले असतात, माणसं कामावरून घरी येऊ लागलेली असतात.