चार आठवड्यांची परीक्षा

(दहावी २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘मेंदूचे आरोग्य’ असा विषय दिला होता. पण गेल्या काही महिन्यांत आपल्या बॅचच्या ग्रुपवर मला जे निरोप आले, त्यांत मेंदूच्या आरोग्याबद्दल एकानेही विचारलं नाही. प्रश्न एकच होता. कुणाची भाची एमबीबीएसला आहे, कुणाचा पुतण्या इंटर्नशिप करतोय, कुणाचा मुलगा अकरावीतच ‘न्यूरोसर्जन होणार’ म्हणतोय. “अमेरिकेत जाऊन न्यूरोसर्जरी करायची तर काय करावं लागतं?” म्हणून संयोजकांच्या परवानगीने मी विषय बदलला आहे. हे मुलांच्या आधी घरच्यांना सांगितलेलं बरं. पैसा तुमचा जाणार आहे आणि वर्षं त्यांची.

आधी आपल्याकडची वाट. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमएस आणि पुढे तीन वर्षं एमसीएच, हा जुना रस्ता. दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, बंगळूरचं निम्हान्स अशा संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं एमसीएचही करता येतं. दोन्हीकडे प्रवेश परीक्षेवर. रँक आला की जागा मिळाली. तुम्ही रुग्णाशी कसं बोलता, रात्री तीन वाजता तुमचा हात कसा चालतो, हे प्रवेशाच्या वेळी कुणी बघत नाही. ही पद्धत कोरडी आहे, पण एका अर्थाने न्यायी आहे. तालुक्याच्या गावातल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीलाही तिथे जागा मिळू शकते.

अमेरिकेत हे प्रशिक्षण सात वर्षांचं असतं. दरवर्षी सगळ्या शाखा मिळून रेसिडेन्सीच्या चाळीस हजारांवर जागा निघतात. त्यांत न्यूरोसर्जरीच्या साधारण २४०, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. सप्टेंबरमध्ये अर्ज जातात, मग मुलाखती होतात. त्यानंतर उमेदवार आपल्या पसंतीची यादी क्रमाने देतो, प्रत्येक विभागही उमेदवारांची यादी देतो, आणि दोन्ही याद्या संगणक जुळवतो. याला ‘मॅच’ म्हणतात.

हसू नका, पण हे आपल्या वधूवर मेळाव्यासारखंच आहे. १९४० च्या दशकात तिथली इस्पितळं चांगली मुलं हातची जाऊ नयेत म्हणून पदवीच्या दोन-दोन वर्षं आधीच त्यांना बांधून घ्यायची. तो गोंधळ थांबवायला १९५२ मध्ये ही मॅच सुरू झाली. पुढे १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी अशा जुळणीचं गणित मांडलं, आणि त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच कॉलेज प्रवेशाशेजारी लग्न होतं! शॅप्ली आणि या मॅचची आजची पद्धत रचणारे रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या गणिताचा उमेदवाराला एक व्यवहारी धडा आहे. ‘इथे आपला नंबर लागणार नाही, खाली लिहू’ असा हिशेब करू नये. जे मनापासून हवं तेच पहिलं लिहावं. वरची जागा हुकली म्हणून खालच्या जागेवरची संधी कमी होत नाही.

आता मुद्द्याचं. यादीत नाव वर कशाने जातं? यूएसएमएलई या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला पूर्वी गुण मिळायचे. जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढंच कळतं. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याचे गुण, संशोधन, शिफारसपत्रं आणि सगळ्यात जास्त ‘सब-इंटर्नशिप’ यांचं वजन वाढलं. वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी आपल्या कॉलेजच्या न्यूरोसर्जरी विभागात चार आठवडे काम करतो, आणि मग एकदोन परक्या विद्यापीठांत तसेच चार-चार आठवडे. कागदावर ते शिक्षण असतं. खरं तर ती चार आठवड्यांची मुलाखत असते.

दर उन्हाळ्यात अशी मुलं आमच्याकडे येतात. पहाटे पाचच्या आत वॉर्डात हजर. रात्रीतून कुणाची शुद्ध हरपत चालली, बाहुल्या सारख्या आहेत का, डोक्यातल्या नळीतून किती पाणी आलं, रक्तातलं सोडियम किती, हे सगळं पाहून सहाच्या राउंडला सांगायचं. मग दिवसभर ऑपरेशन थिएटर, मधूनमधून रात्रपाळी, आणि महिन्याअखेर सगळ्या विभागासमोर दहा मिनिटांचं सादरीकरण.

आम्ही काय बघतो? हुशारी नाही, ती गृहीतच असते. एका उन्हाळ्यात एका मुलाला राउंडला सोडियम विचारलं. तो पटकन म्हणाला, “१३८.” संगणकावर १२६ होतं. त्याने ते पाहिलंच नव्हतं, छान दिसणारा आकडा सांगितला होता. मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं सोडियम असं उतरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात, जीव जाऊ शकतो. त्याच महिन्यात एक मुलगी होती. तिला विचारलं की निम्म्या वेळा म्हणायची, “माहीत नाही, पाहून येते.” आणि खरंच पाहून यायची. महिन्याअखेरच्या बैठकीत सर्जन, रेसिडेंट सगळे बसतात. नर्सेसचं आणि ऑफिसमधल्या ताईंचंही मत विचारतात. त्या मुलाच्या नावावर खूप प्रबंध होते. यादीत वर नाव गेलं मुलीचं. सर, आपल्या वर्गात ‘येत नाही’ म्हणायला किती धाक वाटायचा ते आठवतं. आज हातात वर्ग असलेल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलाला ‘येत नाही’ म्हणू द्या. पुढे कधीतरी त्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून असेल.

आता आपल्या मुलांचा प्रश्न. भारतात शिकलेल्या डॉक्टरला तिथे ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतं. पण खरी अडचण रोटेशनची आहे. बहुतेक विद्यापीठं रुग्णाला हात लावायची मुभा फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्याला देतात. पदवी हातात पडली की उरते ती ‘ऑब्झर्व्हरशिप’, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून बघणं. त्यात कुणाला तुमचा हातही दिसत नाही आणि स्वभावही. पुण्या-मुंबईत काही एजंट अशा ऑब्झर्व्हरशिप लाखो रुपयांना विकतात. कृपा करून त्यासाठी जमीन विकू नका. जायचंच असेल तर पदवीच्या आधी, थेट विद्यापीठाकडे अर्ज करून जावं.

माझी पदवी झाली होती, म्हणून मला दुसरी वाट धरावी लागली. २००८ पासून मी एका प्रयोगशाळेत काम केलं. २०११ च्या मार्चमध्ये मॅचच्या आठवड्यातल्या सोमवारी ईमेल आली की तुमची जुळणी झालेली नाही. त्या दिवशी दुपारी मी उंदरांच्या मेंदूचे काप करत बसले, कारण ते त्याच दिवशी करायचे होते. आणखी एक वर्ष थांबले. २०१२ ला जागा मिळाली. माझ्या सरांनी मला चार वर्षं रोज काम करताना पाहिलं होतं, त्यांचं पत्रच माझं रोटेशन ठरलं. पुढे सात वर्षं, आठवड्याला ऐंशी तासांपर्यंत काम. व्हिसाच्या अटीमुळे शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतायचं, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं सेवा द्यायची. मी ती तीन वर्षं दिली. हिशेब केला तर पदवीपासून पक्क्या नोकरीपर्यंत चौदा वर्षं गेली. आणि माझ्यासोबत त्या प्रयोगशाळांत थांबलेल्यांपैकी पुष्कळांना न्यूरोसर्जरी मिळालीच नाही. त्यांच्यात माझ्याहून हुशार लोक होते.

म्हणून मुलांना माझा सल्ला असा. आधी आपल्याच सरकारी इस्पितळाच्या न्यूरोसर्जरी विभागात सुट्टीतला एक महिना घालवा. दुचाकीवरून पडून आलेली डोक्याची दुखापत, तिचे घाबरलेले नातेवाईक, आणि वाचूनही आयुष्यभर अंथरुणाला खिळलेला तरुण, हे सगळं पाहूनही दुसऱ्या महिन्यात पुन्हा जावंसं वाटलं, तर हा विषय तुमचा. मग इथली प्रवेश परीक्षा मन लावून द्या. थेट एमसीएचची जागा मिळाली तर ती दुय्यम समजू नका. जेकब चँडी कॅनडात शिकून परतले आणि १९४९ मध्ये त्यांनी वेल्लोरला देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उभा केला, आणि १९६८ मध्ये मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका भारतातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन झाल्या, त्या इथेच शिकून. ज्यांना संशोधनाचीच ओढ आहे आणि तीन-चार वर्षांची अनिश्चितता सोसायची तयारी आहे, त्यांनी तिकडचा विचार करावा. आणि जागा मिळाली नाही तर काय, याचं उत्तर विमानात बसण्याआधी घरच्यांसोबत ठरवून घ्यावं.

उद्या दुपारपर्यंत मी गावात आहे. ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांनी त्यांना खुशाल घेऊन या. मला जे माहीत आहे ते सगळं सांगेन. जे माहीत नाही, ते पाहून सांगेन.