बढती नाकारणारे वैमानिक

मध्यमवर्गीय कुटुंबांत बढतीची वार्ता आली कीं देवापुढें पेढे ठेवले जातात आणि मग ते शेजारीं वाटले जातात. उलट, बढती मिळत होती पण ती घेतली नाहीं, असें कोणी सांगितलें तर ऐकणाराला त्याच्या बुद्धीचीच शंका येते. कारकुनानें हेडक्लार्क व्हावें, शिक्षकानें मुख्याध्यापक व्हावें, हा क्रम समाजाच्या मनांत पुरता मुरलेला आहे. पुढची पायरी दिसत असतां मागच्याच पायरीवर बसून राहणें हा आळस तरी असला पाहिजे किंवा भित्रेपणा तरी, असा लौकिक समज.

या समजाला धक्का देणारें एक वृत्त जुलै २०२३ मध्यें अमेरिकेंतून आलें. युनायटेड एअरलाइन्स या बलाढ्य कंपनींत मागील वर्षभरांत कप्तानाच्या पुष्कळ जागा निघाल्या होत्या. त्यांपैकीं सुमारें निम्म्या रिकाम्याच राहिल्या. वेतनांत भली मोठी वाढ, हुद्याचा मान, बाहीवर तिनांऐवजीं चार पट्ट्या, हें सारें समोर असूनहि अनेक सहवैमानिकांनीं हात पुढें केला नाहीं. हीं माणसें आळशी नव्हतीं आणि भित्रीं तर नव्हतींच. मग त्यांनीं असें कां केलें?

याचें उत्तर त्या व्यवसायाच्या घडणींतच आहे. विमानाच्या चालककक्षांत दोन आसनें असतात. डावें कप्तानाचें, उजवें सहवैमानिकाचें. विमान दोघेहि चालवितात. परंतु अखेरचा शब्द आणि अखेरची जबाबदारी डाव्या आसनाची. अमेरिकेंतील मोठ्या कंपन्यांत वैमानिक नोकरींत दाखल होतांच त्याला ज्येष्ठतेचा एक क्रमांक मिळतो. वरचे लोक निवृत्त होतात, तसतसा तो क्रमांक वर सरकतो. कोणत्या जातीचें विमान चालवावयाचें, कोणत्या शहरीं ठाणें असावें, महिन्यांतील कोणत्या दिवशीं उड्डाण करावयाचें, रजा नाताळांत घ्यावयाची कीं फेब्रुवारींत, या साऱ्या निवडी या क्रमानें होतात. तेथें वशिला चालत नाहीं आणि हुशारीहि चालत नाहीं. एवढेंच काय, कंपनी बदलली तर जुना क्रमांक जुन्या घरींच राहतो. नव्या ठिकाणीं पुन्हां तळापासून आरंभ.

आतां खरी मेख पाहावी. क्रमांक एकच असला तरी तो कोणाशीं ताडून पाहावयाचा, हें आसनावर अवलंबून असतें. सहवैमानिकांच्या शंभरांत जो दहावा, तोच कप्तान झाल्यावर तेथील शंभरांत अठ्ठ्याण्णवावा ठरतो. काल ज्याला हव्या त्या तारखा मिळत, त्याला आज इतरांनीं टाकून दिलेल्या तारखा उचलाव्या लागतात. बहुधा तो राखीव वर्गांत पडतो. राखीव वैमानिकाला नेमून दिलेलीं उड्डाणें नसतात. फोन वाजला कीं ठरलेल्या मुदतींत विमानतळावर हजर व्हावयाचें, आणि फोन न वाजला तरी त्याच्या वाटेकडे कान लावून बसावयाचें.

अशा एका गृहस्थाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वय ३८, पत्नी नोकरी करणारी, मुलगी आठ वर्षांची, मुलगा पांचाचा. सहवैमानिक म्हणून त्याला शनिवार-रविवार बहुधा घरीं मिळतात. मुलीला शाळेंतून तो आणतो. मुलाला पोहावयास तो शिकवितो. कप्तानपद घेतलें तर घराचें कर्ज लवकर फिटेल, मुलांच्या शिक्षणाची तरतूद होईल. पण त्याचें ठाणें कदाचित् दूरच्या शहरीं पडेल. मग घर एकीकडे, काम दुसरीकडे. उड्डाणासाठीं आदल्या दिवशीं प्रवासी म्हणून विमानानें जावयाचें, आणि पांच-सहा सोबत्यांत भाड्यानें घेतलेल्या खोलींत रात्र काढावयाची. रात्रीं जेवणानंतर पतिपत्नी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. एका बाजूस मिळणाऱ्या पैशाचा आंकडा सहज लिहितां येतो. दुसऱ्या बाजूस काय लिहावयाचें, हें दोघांनाहि ठाऊक असतें, पण त्याला आंकडा नसतो.

हा प्रश्न केवळ खासगी सुखाचा आहे असें मात्र नाहीं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्रीं न्यूअर्कहून बफेलोस जाणारें एक विमान उतरण्याच्या बेतांत असतां कोसळलें आणि ५० माणसें प्राणास मुकलीं. त्यांतील सहवैमानिक स्त्री आदल्या रात्रीं सिॲटलहून निघून रात्रभर प्रवास करीत कामाच्या ठिकाणीं पोंचली होती. कप्तानानें आदली रात्र विमानतळावरील विश्रामकक्षांत काढली होती. चौकशी मंडळानें मुख्य दोष कप्तानाच्या चुकीच्या हालचालीस दिला. तथापि दोघांच्याहि कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा असें मत नोंदविलें. जानेवारी २०१४ पासून अमेरिकेंत कामापूर्वीं सलग १० तासांची विश्रांति आणि तींत ८ तास झोंपेस अवसर, असा नियम लागू झाला.

भारतांतहि हा विषय आतां दूरचा राहिलेला नाहीं. मुंबई-पुण्यांतील कितीतरी घरांतील मुलेंमुली आज या व्यवसायांत आहेत. वर्षाला १००० तासांहून अधिक उड्डाण नको, ही मर्यादा येथेंहि आहे. जानेवारी २०२४ मध्यें साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर झाले व २०२५ मध्यें ते टप्प्याटप्प्यानें अमलांत आले. त्याच वर्षीं डिसेंबरांत एका मोठ्या कंपनीजवळ या नियमांस पुरतील इतके वैमानिक नसल्यानें हजारों प्रवासी विमानतळांवर अडकून पडले, आणि कांहीं नियम तात्पुरते सैल करावे लागले. वैमानिकाच्या झोंपेचा हिशेब प्रवाशाच्याहि खात्यावर असतो, हें तेव्हां सर्वांस कळून आलें. मात्र नियम झोंपेचें रक्षण करूं शकतो. मुलीच्या वाढदिवसाचें रक्षण त्याला करतां येत नाहीं.

बढती घेणारांचाहि पक्ष लहान नाहीं. त्यांत लोभच असतो असें म्हणणें अन्यायाचें होईल. वर्षानुवर्षें उजव्या आसनावर बसून जें शिकलें, तें स्वतःच्या निर्णयावर पारखून पाहावें, ही इच्छा उमद्या मनाचीच होय. शिवाय संधि कायमची उभी राहत नाहीं. २०२० सालीं महामारीनें विमानें जमिनीवर खिळलीं, तेव्हां बढत्यांची भाषाच बंद झाली. ठरावीक मुदतीनें होणाऱ्या वैद्यकीय तपासणींत एखादा दोष निघाला तर आसन कोणतेंहि असो, तें सुटतें. अमेरिकेंत वयाच्या ६५ व्या वर्षीं विमान कंपनीच्या वैमानिकास खालीं उतरावेंच लागतें. म्हणून ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, आईबाप वृद्ध आहेत, त्यानें आजच हात पुढें केला तर त्याला कोणी कुटुंबद्वेष्टा म्हणूं नये.

तरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. बढती नाकारल्यानें ज्येष्ठतेचा क्रमांक जात नाहीं. सहवैमानिक उजव्या आसनावर राहिला तरी त्याचा क्रमांक वर सरकतच असतो. पांच वर्षांनीं तो कप्तान झाला तर शंभरांत अठ्ठ्याण्णवावा न राहतां कदाचित् साठावा होईल. थांबण्यानें पैसा बुडतो, आणि क्वचित् संधिहि बुडते. पण रांगेंतील जागा बुडत नाहीं. मुलांचें वय मात्र अशा रांगेंत उभें राहत नाहीं. आठ वर्षांची मुलगी पांच वर्षांनीं तेरा वर्षांची होते आणि तिला शाळेंतून आणावयास कोणी लागत नाहीं.

म्हणून त्या गृहस्थापुढील प्रश्न बढती हवी कीं नको असा नसून, ती केव्हां हवी असा आहे. आणि त्याचें उत्तर कंपनीच्या यादींत सांपडणारें नाहीं. कागदावर दोन रकाने आंखून झाल्यावर त्या पतिपत्नीनीं मुलांच्या वयाचा तिसरा रकाना आंखावा. उत्तर कोणतेंहि निघो, तें दोघांनीं मिळून काढलेलें असलें म्हणजे पुढें एकानें दुसऱ्याला बोल लावण्याचा प्रसंग येत नाहीं. पेढे त्या दिवशींहि वांटावयास हरकत नाहीं.