परमुलुखी सेवेस निघणाऱ्यांची तयारी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आपल्या तरुण मंडळींनी चार-सहा आठवड्यांसाठी परदेशी मिशनकार्यास जावे, असा विचार पुष्कळांच्या मनात घोळत आहे. त्याची तयारी कशी करावी, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विचार स्तुत्य आहे, परंतु नुसत्या उत्साहाने तो तडीस जाणार नाही.

या बाबतीत आपण अगदीच अननुभवी नाही. आजवर आपण पाहुण्यांच्या नव्हे, यजमानांच्या बाजूस होतो, इतकेच. 1838 साली आल्प्स पर्वतातील सावॉय प्रांती, ॲनसी येथे, फादर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्याचे पहिले मिशनरी 1845 साली हिंदुस्थानास आले व पुढील वर्षी विशाखापट्टणास पोहोचले. तेथून ते कार्य कामठी-नागपुराकडे पसरले आणि 1887 साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या मंडळींपैकी कित्येकांची हाडे याच मातीत विसावली आहेत. ते आयुष्य द्यावयास आले होते; आपली मुले सहा आठवडे द्यावयास निघणार आहेत. हा फरक ज्याने ओळखला, त्याची निम्मी तयारी झाली असे मी समजतो.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस कोणास ठाऊक नाहीत? बांधीत चिखल झालेला, आकाश भरून आलेले, बाया ओळीने पऱ्हे लावीत आहेत, अशा वेळी शहराकडचा पाहुणा मोठ्या हौसेने चिखलात उतरतो. तो गेल्यावर त्याने लावलेले पऱ्हे उपटून बायांना ते पुन्हा लावावे लागतात. पाहुण्याचे मन राहते, परंतु काम दुप्पट होते. तोच पाहुणा पऱ्ह्यांच्या जुड्या बांधावरून आणून देईल, पाणी पाजील, सांगितले तेवढेच करील, तर सर्वांस हवाहवासा वाटेल. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने शिकवावयास जाऊ नये. शिकावयास आणि तेथल्यांच्या हाताखाली राबावयास जावे. आज मला सांगावयाचे ते एवढेच.

म्हणून तयारीचा आरंभ पेटी भरण्यापासून नव्हे, पत्र लिहिण्यापासून होतो. तेथील बिशपसाहेबांस व धर्मगुरूंस विचारावे: आम्ही यावे अशी आपली इच्छा आहे काय? आल्यास कोणते काम द्याल? आमच्या राहण्याजेवण्याचा भार कोणावर पडेल? उत्तर येईपर्यंत तिकिटाचे नाव काढू नये. तेथील गवंड्याचा रोजगार बुडवून आपण भिंत बांधीत असू, तर ती सेवा नव्हे. कदाचित असेही उत्तर येईल की, माणसे नकोत, प्रवासाला लागणारा पैसाच पाठवा. तसे आल्यास मन खट्टू न करता पैसा पाठवावा. ज्याच्याने हे होणार नाही, त्याला सेवेपेक्षा प्रवासाची ओढ अधिक आहे असे समजावे.

दुसरी तयारी भाषेची. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. कोवळ्या वयात ते जपानात गेले व तेथली भाषा शिकले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. 1593 साली मिशनरी जपानास निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून त्यांनाच बरोबर घेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण अर्पण केले आणि 1862 साली त्यांची संतपदी स्थापना झाली. ते धर्मगुरू नव्हते. परंतु त्या लोकांची बोली त्यांच्या जिभेवर होती, म्हणून ते उपयोगी पडले. गोव्याचे संत जोसेफ वाझ 1687 साली मजुराच्या वेषात सिलोनात उतरले. डचांच्या अमलात तेथे कॅथोलिक धर्मगुरूंस मज्जाव होता. त्यांनीही तामिळ व सिंहली या भाषा परिश्रमाने आत्मसात केल्या होत्या. उलट दिशेचे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज जेज्वित 1579 साली गोव्यास आले आणि त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे लोटली! मग सहा आठवड्यांच्या पाहुण्याने काय करावे? निघण्यापूर्वी सहा महिने त्या भाषेतील शंभर वाक्ये घोकावी. नमस्कार, आभार, क्षमा, आणि ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ एवढे तरी बिनचूक यावे. बाकी वेळ ऐकावे.

तिसरी गोष्ट मनाची. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1919 साली मिशनकार्याविषयी जे परिपत्र काढले, त्यात मिशनऱ्याने आपल्या राष्ट्राचा मोठेपणा बरोबर नेऊ नये, असे स्पष्ट बजावले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांस दोघे दोघे पाठवितो, थैली घेऊ देत नाही आणि पुढे वाढलेले अन्न खाण्यास सांगतो. अर्थात पाहुणचार घेणे हाही मिशनकार्याचाच भाग होय. ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य येथेच ठेवून जावे.

आता व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पासपोर्टाची मुदत परतीनंतरही सहा महिने उरावी, अशी पुष्कळ देशांची अट असते. व्हिसा ज्या कामासाठी मिळाला, तेच काम करावे. पर्यटकाच्या व्हिसावर धर्मप्रचार करणे म्हणजे यजमानांस संकटात लोटणे होय. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या देशी जाणाऱ्याने निदान दहा दिवस अगोदर सरकारमान्य केंद्रात लस टोचून घ्यावी व दाखला जपून ठेवावा. तो नसेल, तर परत येताना विलगीकरणात राहण्याची पाळी येते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या. लहान मुलांबरोबर एकट्याने राहू नये. आईबापांच्या संमतीवाचून त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. कोणाचे दारिद्र्य मोबाइलवर जगभर दाखविणे हा त्याचा अपमान आहे. देणगी द्यावयाची ती तेथील धर्मगुरूंच्या हाती द्यावी, वाटेवर खिरापतीसारखी वाटू नये.

यांपैकी कोण खरोखर तयार झाला, याची परीक्षा येथेच होऊ शकते. आपल्या भागातील वीटभट्ट्यांवर परमुलुखातून आलेली कुटुंबे राबतात. त्यांच्या मुलांसाठी एक महिना, कोणी फोटो न काढता व कोणी वाहवा न करता, ज्याने नियमाने वेळ दिला, त्याला खुशाल परदेशी पाठवावे. ज्याला तेथे कंटाळा आला, त्याला समुद्रापलीकडेही येईल.

जे जाणार नाहीत, त्यांनी आपणास कमी लेखू नये. 1927 साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीला मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून लिझ्यू येथील संत तेरेजा यांना नेमले. एकाने समुद्र ओलांडले. दुसरीने मठाच्या भिंतीआड प्रार्थना केली. ख्रिस्तसभेने दोघांस एकाच आसनावर बसविले. तेव्हा घरच्यांनी रोजच्या रोझरीत निघालेल्यांची व त्यांच्या यजमानांचीही आठवण ठेवावी.

परतलेल्यांनी मंडळीस काय सांगावे? आम्ही किती दिले, याचा हिशेब नको. तेथल्या लोकांकडून काय शिकलो, कोणाची नावे प्रार्थनेत घेऊ लागलो, आणि येथे कोणते काम हाती धरणार, हे सांगावे. सावॉयच्या त्या मिशनऱ्यांनी आपल्या पूर्वजांच्या दारी ज्या नम्रतेने भाषेची पहिली अक्षरे गिरविली, तीच नम्रता आपल्या मुलांच्या अंगी येवो, आणि प्रभू त्यांचे जाणे-येणे सुखरूप राखो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.